शब्दामागे तीन रुपये

पहिले वीस शब्द साठ रुपये,
पुढे शब्दामागे तीन.
नारायण पेठेत, जिन्याखालच्या काउंटरवर
एकवीस वर्षं मी लोकांचे शब्द मोजले,
पेन्सिलीच्या टोकानं, ओठ न हलवता.

पुण्यातली माणसं. घासाघीस व्हायचीच.
‘स्वयंपाकघरासहदोनखोल्या’ हा एकच शब्द धरा,
समास आहे, बाई, म्हणायचे केतकर.
मी धरायचे.
भाडेकरू मात्र त्यांना शेवटपर्यंत एकही पसंत पडला नाही.

गणपती उठल्यानंतरच्या सोमवारी सोपान कुदळे आले.
मार्केट यार्डात फुलांच्या काट्यावर असायचे,
नखांत झेंडू.
भाऊ हरवला होता. निवृत्ती. वय बेचाळीस, निळा सदरा.
अलका चौकात, मिरवणुकीत, हात सुटला.
वीस शब्दांत बसलं सगळं, पत्त्यासकट.
तरी ते काउंटर धरून उभेच.
‘अजून लिहा, ताई:
त्याला ऐकू येत नाही.
हाक मारली तर वळत नाही.
समोर जाऊन उभं राहावं,
नाहीतर खांद्याला हात लावावा.
हळू. दचकतो तो.’

मी मोजले. आणखी वीस. आणखी साठ.
म्हटलं, नुसतं ‘बहिरा’ लिहू या, तीन रुपयांत होईल.
काटा लबाड निघाल्यावर बघावं
तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.
‘बहिरा वाचलं की लोक मोठ्यानं ओरडतात,’ म्हणाले,
आणि ओलसर नोटा एकेक सुटी करून ठेवल्या.

ऑफिसात एक पुठ्ठा गेलेली इंग्रजी डिक्शनरी होती.
जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता, मी ‘ॲडव्हर्टाइज’ काढला.
जन्मभर ज्याचं खाल्लं तो शब्द,
कधी उलटून पाहिला नव्हता.
लॅटिनमधून, फ्रेंचच्या वाटेनं. मुळात: वळवणे, कशाकडे तरी.
मग कळवणे, सावध करणे.
साबण आणि सूट आणि शेवटचे तीन दिवस
हे सगळं नंतरचं.

बुधवारी शफीउद्दीन इनामदार सर आले,
अरबीच्या शिकवणीची जाहिरात घेऊन,
दर महिन्याची तीच, अठरा शब्दांची.
त्यांना विचारलं, आपली ‘जाहिरात’ कुठली हो?
‘आमच्याकडची,’ हसले. ‘जाहीर म्हणजे उघड, दिसणारं.
आणि गंमत बघा, त्याच धातूतून पाठ.
माणसाची पाठ.
सगळ्यांना दिसते ना ती, ज्याची त्याला सोडून.’

म्हणजे त्यांच्याकडे तोंड वळतं
आणि आपल्याकडे पाठ दिसते.
त्या दिवशी घरी जाताना लक्ष्मी रोडवर
मी निळ्या पाठी मोजल्या. फुकट.
अकरा होत्या. एकीच्याही पुढे जाऊन
उभं राहायचा धीर झाला नाही.

(लॅटिन धातूचा भाऊ लागतो आपला ‘वृत्’,
वृत्तपत्रातला, निवृत्तीतला.
निवृत्ती, म्हणजे माघारी वळणं.
हे फार उशिरा वाचलं मी,
माझ्या स्वतःच्या निवृत्तीला दोन महिने असताना.)

तीन रविवार छापून आली.
चौथ्या आठवड्यात कुदळे दारातूनच म्हणाले, ‘बंद करा.’
सापडला म्हणून की पैसे सरले म्हणून
हे विचारायला मी तोंड उघडलं
तोवर ते वळले होते.
मी हाक मारली नाही. का, ते माहीत नाही.

अलका चौकात आता फ्लेक्स असतो,
कुणा भाऊंचा वाढदिवस,
खाली शुभेच्छुकांचे तेवीस चेहरे,
सगळेच्या सगळे माझ्याकडे वळलेले.
परवा त्याच्याखाली सिग्नलला थांबले होते.
बस, हॉर्न, कुणाचं तरी भाषण खांबावरून.
खांद्याला हात लागला. हळू.

वळले.

‘आजी, पिशवी गळतीये,’ एक मुलगी म्हणाली.
दूध चपलेपर्यंत आलं होतं.